जलद चार्जिंगआधी बॅटरी गरम करणं: नागपूरच्या थंडीत कितपत लागतं?

वर्धारोडकर | रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गाडी, ४० युनिटच्या (किलोवॅट-तास) आसपासची, एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी, ३२० व्होल्टचा पॅक (सगळ्या सेलचा मिळून संच). रात्रभर उघड्यावर उभी असते. जानेवारीत सकाळी साडेसहाला ६० किलोवॅटच्या डीसी (जलद) चार्जरवर लावली की २२ ते २४ किलोवॅटच घेते, मग हळूहळू वाढत जाते. तीच गाडी, तोच चार्जर, तीच गन (गाडीत खुपसायचं केबलचं टोक), पण संध्याकाळी लावली तर लगेच ४१-४२ वर जाते आणि तिथंच थांबते. दोन्ही वेळेस सुरुवात ३० टक्क्यांवरून, शेजारची गन रिकामी. चार्जरवाले म्हणतात दोष गाडीत आहे, सर्व्हिसवाले म्हणतात चार्जरमध्ये.

थंड देशांत चार्जरवर पोचण्याआधी बॅटरी गरम करून घेतात. ते आपल्याकडे करायची गरज आहे का, असेल तर कसं करायचं? चार्जरवर जायच्या आधी पाच-सात किलोमीटर फिरवून आणली तर भागेल का? पुढच्या आठवड्यात पहाटे जबलपूरला निघायचं आहे, म्हणून विचारतो.

मानकापूर_चौक | रात्री ९:२६

नागपुरात काहून गरम करता राजेहो, इथं वर्षातले आठ महिने ती थंड कशी ठेवायची हाच प्रश्न असतो. दहा मिनिटं जास्त थांबा, चहा घ्या.

तापमापक | रात्री ९:५८

दोष ना गाडीत ना चार्जरमध्ये. लक्षणं सरळ थंड पॅकची आहेत.

सीसीएस२ (आपल्याकडच्या जलद चार्जिंगची जोडणी) मध्ये किती करंट हवा हे गाडी सांगते, चार्जर फक्त तेवढा पुरवतो. गाडीचा आकडा बीएमएसमधल्या (बॅटरी सांभाळणाऱ्या संगणकातल्या) तक्त्यावरून ठरतो. त्या तक्त्यात मुख्य गोष्टी दोनच: सेलचं तापमान आणि चार्जची टक्केवारी. पॅक गार असला की सेलमधलं द्रावण घट्ट होतं, लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये सावकाश शिरतात. तरीही करंट रेटला तर आत न शिरलेलं लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात बसतं. याला प्लेटिंग म्हणतात, भांड्यावर मुलामा चढावा तसं. या मुलाम्याचा काही भाग परत विरघळत नाही. तेवढी क्षमता कायमची जाते, आणि तो टोकदार वाढला तर आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते. म्हणून शून्याखाली बहुतेक गाड्या डीसी चार्जिंग खूपच कमी करतात, १० ते १५ अंशांत अर्ध्यावर आणतात आणि साधारण २५ ते ४० च्या पट्ट्यात पूर्ण मोकळीक देतात. नेमके आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे. कमी तापमानात एलएफपीचा अंतर्गत रोध एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरीपेक्षा) जास्त वाढतो, त्यामुळे तुमच्यासारख्या गाडीत हा फरक अधिक डोळ्यात भरतो.

आणि मानकापूर भाऊ, नागपूर तेवढं उबदार नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथं ३.५ अंशांची नोंद झाली होती. डिसेंबर-जानेवारीत ८ ते १२ ची पहाट नेहमीचीच.

मानकापूर_चौक | रात्री १०:०४

मान्य. पण मग रोज सकाळी लावल्यानं बॅटरी खराब होऊन राहिली का?

तापमापक | रात्री १०:११

नाही. बीएमएस करंट कमी करतं ते त्यासाठीच. १२ अंशांच्या पॅकला २२ किलोवॅट दिले तर नुकसान नाही, वेळ तेवढा जातो. आपल्याकडे गरम करण्याचा फायदा मिनिटांत मोजायचा, आयुष्यात नाही. आयुष्याचा प्रश्न मे महिन्याचा आहे, त्यावर वेगळं लिहितो.

रामटेकची | रात्री १०:३०

पाच-सात किलोमीटर फिरवण्याचा हिशोब मांडते, म्हणजे तो विषय संपेल.

४० युनिटचा पॅक केसिंगसकट २८० किलो धरा. सेल, अॅल्युमिनियम, कूलंट मिळून सरासरी उष्माधारकता किलोमागे साधारण १ किलोज्यूल. म्हणजे पॅक एका अंशानं तापवायला २८० किलोज्यूल, म्हणजेच ०.०८ युनिट लागतात. १२ वरून २७ वर न्यायचा तर १.२ युनिट.

गाडी चालवताना पॅकमध्ये उष्णता होते ती करंटच्या वर्गाला रोधानं गुणून. थंड पॅकचा रोध ०.१५ ओहम धरू. सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगात:

ताशी ८० ला मोटर साधारण ११ किलोवॅट घेते, करंट ३४ अँपिअर, उष्णता पावणेदोनशे वॅट. तासाभरात पॅक वर जातो जेमतेम २ अंश.
ताशी १०० ला १७ किलोवॅट, ५३ अँपिअर, सव्वाचारशे वॅट. तासाला ५ अंश.
ताशी १२० ला २५ किलोवॅट, ७८ अँपिअर, नऊशे वॅट. तासाला ११-१२ अंश.

यातून वाऱ्यानं जाणारी उष्णता वजा करायची आहे. वेग दीडपट केला की पॅकची उष्णता पाचपट होते, कारण वेगाबरोबर वीज वाढते आणि विजेच्या वर्गात उष्णता. आता वर्धा रोडवरून सीताबर्डीपर्यंत जाऊन या: ताशी ३० ची सरासरी, वीस मिनिटं. पॅकला त्याचा पत्ताही लागत नाही.

अंबाझरी_काठ | रात्री १०:४१

सिग्नलवरून जोरात उचलायची आणि जोरात ब्रेक मारायचा, असं व्हिडिओत दाखवतात. २०० अँपिअरचे झटके बसले तर तुमच्याच सूत्रानं सहा किलोवॅट होतात की.

रामटेकची | रात्री १०:४९

होतात, पण ते झटके दोन-चार सेकंदांचे. सरासरी काढली की दीड-दोन अंश. शिवाय जोरात ब्रेक मारला की रीजनचा (वेग कमी होताना मोटर परत बॅटरीत भरते त्या विजेचा) करंट थंड सेलमध्येच शिरतो, म्हणजे आपण टाळत असलेलं जलद चार्जिंगच झालं. बीएमएस ते अडवतं आणि मग गाडी अपेक्षेपेक्षा कमी थांबते. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रकार करू नये.

यात एक उपयोगी खूण आहे मात्र. सकाळी पाय सोडल्यावर रीजन नेहमीपेक्षा मऊ लागत असेल आणि चार्ज ९० च्या खाली असेल, तर पॅक थंड आहे असं समजा. कुठलंही यंत्र न जोडता कळतं.

हिंगणा_वर्कशॉप | रात्री ११:१५

आता गाडीत काय बसवलेलं असतं ते सांगतो, कारण 'प्री-कंडिशनिंग' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली: अॅपमधलं प्री-कंडिशनिंग. बहुतेक गाड्यांत हे फक्त केबिनचं. एसी किंवा हीटर आधी चालू होतो, सीट गरम होते, बॅटरीशी संबंध नाही. लोक रोज सकाळी दाबतात आणि चार्जिंग वाढत नाही म्हणून तक्रार आणतात.

दुसरी: बॅटरीच्या कूलंटच्या लाइनवर बसवलेला हाय व्होल्टेज पीटीसी (विजेवर तापणारा) हीटर. कूलंट गरम होतो, पंप तो पॅकखालच्या प्लेटमधून फिरवतो. ५ किलोवॅटचा हीटर असेल तर वर काढलेले १.२ युनिट कागदावर १५ मिनिटांत जातात. प्रत्यक्षात प्लेटकडून सेलच्या आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून २०-२५ मिनिटं धरा. बऱ्याच गाड्यांत हा हीटर पॅक खूपच थंड असेल तेव्हाच लागतो, १२ अंशांना तो हलतही नाही.

तिसरी: वेगळा हीटर न ठेवता मोटरच मुद्दाम अकार्यक्षम चालवून उष्णता काढणं. टेस्लानं मॉडेल ३ मध्ये हे केलं, आणि २०१९ मध्ये जलद चार्जरकडे निघालेली गाडी वाटेतच बॅटरी तापवेल अशी सोय सॉफ्टवेअरनं दिली.

आपल्या गाडीत काय आहे हे ब्रोशरवरून कळत नाही. मॅन्युअलमध्ये 'बॅटरी हीटिंग' किंवा 'बॅटरी कंडिशनिंग' असं वेगळं शीर्षक आहे का बघा. नसेल तर सर्व्हिस सल्लागाराला पार्ट कॅटलॉगमध्ये 'बॅटरी कूलंट हीटर' शोधायला सांगा. नावातच 'बॅटरी' हवं, केबिनचा पीटीसी वेगळा असतो.

सोय असूनही ती चालू होत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात मोठं: फोनवरच्या नकाशातून रस्ता लावलेला असतो. गाडीला आपण चार्जरकडे निघालोय हेच माहीत नसतं. गाडीच्या स्वतःच्या नॅव्हिगेशनमध्ये चार्जर हा 'चार्जर' म्हणूनच निवडायचा, शेजारच्या हॉटेलचं नाव टाकून चालत नाही. दुसरं, चार्ज साधारण २० टक्क्यांखाली असेल तर बऱ्याच गाड्या हीटरला वीज देत नाहीत. तिसरं, चार्जर फार जवळ असतो. आणि काही गाड्यांत सेटिंग कारखान्यातूनच बंद येतं.

कऱ्हांडला | सकाळी ६:३८

माझी छोटी गाडी, फक्त एसी (घरच्या विजेवरचं, सावकाश) चार्जिंग, ३.३ किलोवॅट. मला यातलं काही करावं लागतं का?

हिंगणा_वर्कशॉप | सकाळी ७:०५

काहीच नाही. एवढा करंट १० अंशांचा पॅकसुद्धा आरामात घेतो.

तापमापक | सकाळी ७:४०

आता वर्धारोडकरांसाठी, आणि ज्यांच्या गाडीत हीटर नाही त्या सगळ्यांसाठी. पॅक तापवता येत नसेल तर तो थंडच होऊ द्यायचा नाही.

गाडी रात्री उघड्यावर उभी असेल तर निरभ्र आकाशाखाली तिची उष्णता सरळ वर निघून जाते. तीच गाडी शेडखाली किंवा इमारतीच्या तळघरात असेल तर सकाळी पॅक चार-पाच अंश जास्त मिळतो. एवढ्यानं तक्त्यातली पायरी बदलू शकते. वरून कव्हर घालून यातलं फारसं साधत नाही, पॅक खाली आहे आणि खालून वारा लागतोच.

दुसरी गोष्ट वेळेची. पॅकचं वस्तुमान मोठं, म्हणून तो हवेच्या मागे मागे चालतो. सूर्योदयाच्या सुमारास हवा ९ अंशांवर असली तरी पॅक १३-१४ वर असू शकतो, आणि हवा तापायला लागली तरी पॅक लगेच वर येत नाही. त्यामुळे 'साडेसहाऐवजी साडेआठला चार्ज करू' यानं फारसा फरक पडत नाही. डॅशबोर्डवरचं तापमान हवेचं असतं, त्यावरून अंदाज बांधू नका. पॅकचं खरं तापमान हवं असेल तर ओबीडीचा (गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये लावायचा) ब्लूटूथ अडॅप्टर आणि तुमच्या गाडीला चालणारं अॅप लागेल. त्यात सेलचं किमान आणि कमाल असे दोन आकडे दिसतात. थंडीत बीएमएस किमान आकडा धरतं, उन्हाळ्यात कमाल. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, लावलेला राहिला तर १२ व्होल्टची बॅटरी उतरते.

म्हणून सवयच बदलायची: डीसी चार्जिंग प्रवासाच्या सुरुवातीला नाही, शेवटी. संध्याकाळी समृद्धी महामार्गावरून येऊन शिवमडक्याला (त्याच्या नागपूरच्या टोकाला) उतरलात की पॅक तयार असतो, तेव्हाच चार्जरवर लावा. रात्री गाडी लावून सकाळी त्याच चार्जरवर गेलात तर वीस-बावीस मिनिटं जास्त मोजावी लागतात. हिशोब सोपा आहे: २० ते ८० टक्के म्हणजे २४ युनिट. सरासरी २५ किलोवॅटनं ५८ मिनिटं, सरासरी ४० नं ३६.

अंबाझरी_काठ | सकाळी ८:१०

घरी रात्रभर एसी चार्जिंगवर लावून ठेवली तर पॅक आपोआप गरम राहील ना? आणि खाली खोलीतला हीटर ठेवला तर?

तापमापक | सकाळी ८:२२

एसीवर ७.२ किलोवॅट म्हणजे पॅकमध्ये जेमतेम २२ अँपिअर. पॅकमधली उष्णता साधारण सत्तर वॅट. पाच तासांत चार-साडेचार अंश, तेही बाहेर काही गेलं नाही असं धरून. पण पॅक तेवढा कमी थंड होतो हे खरं, म्हणून चार्जिंग रात्री दहाला सुरू करून तीनला संपवण्यापेक्षा निघायच्या वेळेला संपेल असं शेड्यूल लावा.

खोलीतला हीटर गाडीखाली अजिबात ठेवू नका. पॅकला खालून जाड संरक्षक पत्रा असतो, उष्णता सेलपर्यंत पोचत नाही. पोचते ती वायरिंग, प्लास्टिकचं अस्तर आणि टायरपर्यंत. यात आगीचा धोका आहे.

हिंगणा_वर्कशॉप | सकाळी ९:०२

चार्जिंग कशामुळे हळू चाललंय हे ओळखायला मी आकड्याची चाल बघायला सांगतो. गन लावल्यापासून दर दोन मिनिटांनी किलोवॅट आणि टक्केवारी कागदावर लिहायची, वीस मिनिटं.

कमी आकड्यापासून सुरू होऊन हळूहळू चढत गेला: पॅक थंड होता, चार्जिंगच्याच उष्णतेनं तापतोय.
पहिल्या मिनिटापासून एकाच आकड्यावर खिळलेला: चार्जरची किंवा केबलची मर्यादा. १०० अँपिअरचा केबल असेल तर ३२० व्होल्टच्या पॅकला ३२ किलोवॅटच मिळणार, पाटीवर ६० असो की १२०. पाटीवरचा आकडा जास्त व्होल्टेजला गाठला जातो, म्हणून ८०० व्होल्टच्या गाडीला त्याच गनवर जास्त मिळतं.
चांगला चालता चालता अचानक अर्ध्यावर आला: शेजारच्या गनवर दुसरी गाडी लागली, वीज वाटली गेली.
चांगला सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी पायऱ्यापायऱ्यांनी उतरला आणि टक्केवारी अजून ५०-६० च आहे: पॅक गरम झाला, किंवा गनचा टोक तापला. गनचं हँडल हाताला चटका देत असेल तर ते सेशन थांबवून दुसऱ्या गनवर लावा. पिनवर धूळ-काजळी बसली की संपर्काचा रोध वाढतो.
८० च्या पुढे उतरला तर तो तसाच उतरायचा.

किमान आणि कमाल सेल तापमानात फरक ५ अंशांच्या आत असेल तर बरं. चार्जिंग संपल्यावरही तो ८-१० च्या वर राहत असेल तर कूलंट सगळीकडे फिरत नाही: पातळी कमी, पंप मंद, व्हॉल्व्ह अडकलेला किंवा लाइनमध्ये हवा. पातळी कमी दिसली म्हणून नळाचं पाणी ओतू नका. कूलंटचा रंग सारखा म्हणून दुसरा कूलंटही ओतू नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड, आणि बॅटरीच्या लाइनचं एअर ब्लीडिंग (अडकलेली हवा काढणं) स्कॅनरवरून पंप चालवूनच करावं लागतं. हे वर्कशॉपचंच काम आहे.

रामटेकची | सकाळी ९:३५

मे महिन्याबद्दल तापमापकांनी लिहायचं ठरवलंय, पण तेवढ्यात थोडं मी लिहिते. ४५ अंशांच्या दुपारी १२० नं आलेली गाडी ४० च्या वर पॅक घेऊन येते. तेव्हा चार्जरवर पोचण्याआधीचं 'कंडिशनिंग' म्हणजे थंड करणं. शेवटचे १५-२० किलोमीटर ताशी ८० नं आणा. पॅकमध्ये नवी उष्णता जवळपास थांबते आणि कूलंटला आधीची काढायला वेळ मिळतो. चार्जिंग चालू असताना केबिनचा एसी २६ वर ठेवा किंवा बंद करून सावलीत बसा, कारण केबिन आणि बॅटरीचा चिलर (कूलंट गार करणारा भाग) एकाच कॉम्प्रेसरवर चालतात. बॉनेटवर किंवा खाली पाणी मारू नका.

तापमापक | सकाळी ९:५१

बरोबर. मी एवढंच जोडतो की नागपूरकरानं बॅटरीची काळजी करायची ती इथं. १०० टक्के भरून उन्हात दिवसभर उभी ठेवलेली गाडी थंडीतल्या सकाळच्या चार्जिंगपेक्षा जास्त झिजते. एलएफपीला अधूनमधून १०० करायला मॅन्युअल सांगतं, ते सेल समतोल व्हावेत आणि टक्केवारीचा अंदाज बरोबर राहावा म्हणून. ते निघायच्या आदल्या रात्री करा, भरून लगेच निघा.

वर्धारोडकर | सकाळी १०:२०

खूप आभार. मॅन्युअल चाळलं, बॅटरी हीटिंगचं शीर्षक नाही. मग जबलपूरला असं करू का: पहाटे साडेपाचला निघून कामठी रोडच्या चार्जरवर ८५ वरून १०० करायची आणि मग एकदम लखनादौनला थांबायचं?

रामटेकची | सकाळी १०:३४

कामठीचा थांबा काढून टाका. थंड पॅक आणि ८० च्या वरची टक्केवारी, दोन्ही मर्यादा एकाच वेळी लागतील, १५ टक्क्यांना अर्धा तास जाईल.

घरीच एसीवर १०० करा, सव्वापाचला संपेल असं लावून. पहिला थांबा वाटेतल्या सिवनीला घ्या, नागपूरहून साधारण १२५ ते १३० किलोमीटर. ताशी ९० ला युनिटमागे ६ किलोमीटर धरले तर २१-२२ युनिट जातात, तुम्ही ४५ टक्क्यांच्या आसपास पोचता. दीड तासात पॅक स्वतःच्या उष्णतेनं पाच अंश वर आलेला असेल. रात्री गाडी छताखाली होती तर तुम्ही २२-२३ अंशांचा पॅक घेऊन चार्जरवर असाल, उघड्यावर होती तर १८. सिवनीपासून पुढे लखनादौनमार्गे जबलपूर आणखी दीडशे किलोमीटरच्या आत. ४५ वरून ८५ केलं की हातात राखीव राहतं. सिवनीचा चार्जर बंद निघाला तर ४५ मध्ये लखनादौन गाठता येतं, म्हणून थांबा सिवनीलाच ठेवा, उलटं नको.

आणि खवासा ते सिवनी पेंचच्या जंगलाचा टप्पा आहे. पॅक तापवायला म्हणून तिथं वेग वाढवू नका.

वर्धारोडकर | दुपारी १:४५

शेजारच्या इमारतीत छताखाली जागा मिळाली तीन रात्रींसाठी. चार्जरवर जाऊन गनजवळची पाटीही वाचून आलो: कमाल करंट १२५ अँपिअर.

हिंगणा_वर्कशॉप | दुपारी २:०३

मग तुमच्या संध्याकाळच्या आकड्याचंही उत्तर मिळालं. चार्जिंग चालू असताना तुमचा पॅक ३३०-३३५ व्होल्टवर असतो. १२५ नं गुणा, ४१-४२ किलोवॅट. संध्याकाळी गाडी नाही, गन थांबवते. पॅक आणखी कितीही तापवला तरी या चार्जरवर आकडा हलणार नाही.

वर्धारोडकर | दुपारी २:१०

म्हणजे सिवनीच्या चार्जरची पाटी आधी बघायला हवी. तिकडच्या कुणी हा धागा वाचत असेल तर गनचे अँपिअर लिहा.